शेजारच्या कॉटवरून

२७ जुलै २०२५, रविवार. सदाशिव पेठ, पुणे

सर्वोच्च न्यायालयाच्या परवाच्या निकालाची आज अभ्यासिकेत चर्चा होती. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक हवा, आणि यातून कोचिंग क्लासही सुटत नाहीत. २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यात महाराष्ट्र सर्वांत पुढे. निकाल फार गरजेचा होता. पण स्पर्धा परीक्षा देणाऱ्या आमच्यातली बरीच मुलं कुठल्याच हजेरीपटावर नाहीत. क्लास कधीच संपलाय. कॉट बेसिसवर राहायचं, अभ्यासिकेत बसायचं, मेसला जेवायचं. अशा मुलाचं बिनसलंय हे आधी कळणार ते शेजारच्या कॉटवरच्याला. आमचा मित्रगट आहे तो त्यासाठीच.

३ ऑगस्ट, रविवार

गटात नव्याने आलेल्यांना समुपदेशक ताईंनी जोड्या लावून सराव दिला. एकाने बोलायचं, दुसऱ्याने ऐकायचं आणि सल्ला द्यायचा नाही. प्रश्न दिसला की पर्याय निवडायची सवय झालेल्या आम्हा पोरांना हे जड जातं. वहीत कुणाचं नाव लिहायचं नाही. ऐकलेलं बाहेर जाणार नाही, पण जिवाला धोका वाटला तर ताईंना सांगणार, हेही सुरुवातीलाच सांगून टाकायचं.

एका मुलीने विचारलं, "मरणाचा विषय आपणच काढला तर त्याच्या डोक्यात नसलेलं भरणार नाही का?"

"नाही भरत," ताई म्हणाल्या. "ज्याच्या मनात ते चालू असतं, त्याला कुणीतरी विचारलं म्हणून हायसंच वाटतं. आडवळणं घेऊ नका, सरळ विचारा."

१४ ऑगस्ट, गुरुवार

लातूरकडचा मुलगा मेसला येईनासा झाला होता. संध्याकाळी त्याच्या खोलीवर गेलो. भिंतीवर अभ्यासाचं वेळापत्रक चिकटवलेलं. जूनपर्यंतच्या चौकटींत बरोबरच्या खुणा, पुढच्या सगळ्या कोऱ्या. रात्रभर जाग, दिवसा डोकं जड. घरच्यांनी शिल्लक तूर विकून पैसे पाठवलेत. "पप्पा फोनवर एवढंच विचारतात, पुरतात का रे पैसे? रागावले असते तर बरं झालं असतं."

मी त्याला बोलू दिलं. मग विचारलं, "जीव द्यायचा विचार येतो का मनात?"

तो बराच वेळ गप्प होता. "येतो. ठरवलं काही नाही."

हे मी एकटा पोटात ठेवणार नाही, असं त्याला सांगितलं आणि त्याच्यासमोरच ताईंना फोन लावला. त्या त्याच्याशी बोलल्या. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्याने मोबाइलमध्ये घेतला. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. रात्री त्याला एकटं सोडायचं नाही असं ठरलं. रूममेट आणि मी दोघंही तिथेच थांबलो.

१८ ऑगस्ट, सोमवार

सरकारी रुग्णालयात त्याच्यासोबत गेलो. डॉक्टरांनी झोप, भूक, घरचं सगळं नीट विचारलं. हे नैराश्य आहे, औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतील, मधेच बंद करायचं नाही, असं समजावलं. उपचार करणं त्यांचं काम. आम्ही डॉक्टर व्हायला जायचं नाही.

रांगेत त्याने मला विचारलं, "तुझी मेन्स कितीने हुकली होती?" मी आकडा सांगितला. त्यानंतर गावी जाणं कसं टाळत राहिलो, "लागलं का काही?" या प्रश्नाची किती धास्ती घेतली, तेही सांगितलं. मग तो मोकळा बोलायला लागला. ज्याने कटऑफची यादी स्वतः खालीवर चाळली आहे, त्याच्यापाशी लाज वाटत नाही. मोठ्यांच्या शंभर धीराच्या शब्दांनी हे साधत नाही.

३० ऑगस्ट, शनिवार

गणपतीचे दिवस, पेठेत ढोल घुमतायत. बैठकीत आज पाळी आमची होती. ऐकणाऱ्यालाही कुणीतरी ऐकणारं लागतं. एका मैत्रिणीला रोज अपरात्री फोन येत होते, तिची झोप उडाली होती. रात्रीचे फोन यापुढे हेल्पलाइनकडे वळवायचे, असं ठरलं. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने १९८६ पासून दाखवून दिलंय की व्यसनातून बाहेर पडलेला माणूस नव्या रुग्णाचा मोठा आधार होतो. पण तिथेही पाठीशी डॉक्टर आहेत, शिस्त आहे. ती नसेल तर नुसती आपुलकी थकून जाते.

१० सप्टेंबर, बुधवार

आज जागतिक आत्महत्या प्रतिबंध दिन. काही अभ्यासिकांच्या मालकांनी दारापाशी १४४१६ चा फलक लावू दिला. लातूरकर पोळ्याला गावी जाऊन आला. पप्पांना त्याने स्वतःच सगळं सांगितलं. आता त्याला गटात ऐकणारा म्हणून यायचंय. ताईंनी सांगितलं, आधी तुझी झोप आणि औषधं मार्गी लागू देत, गट कुठे पळून जात नाही.

रविवारच्या बैठकीला यंदाच गावाहून आलेल्या मुलामुलींना बोलवायचंय. पहिला निकाल हातात पडायच्या आधीच त्यांची आमची ओळख झालेली बरी.