बटण बंद, तरी टेस्टर पेटला

छताचा पंखा रखडत फिरू लागला, तेव्हा शेजारचे वायरमन काका म्हणाले, "कंडेन्सर गेलाय. अडीच एमएफडीचा घेऊन ये, माझ्यासमोर तूच बसव." कंडेन्सर आणला खरा, पण विजेच्या कामाला मी हात लावणं कायद्यात बसतं का, हेच कळेना.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षाविषयक नियम वाचले. वायरिंगची दुरुस्ती किंवा फेरबदल परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यायचे. दिवे, पंखे, फ्यूज, स्विच आणि २५० व्होल्टपर्यंतची घरगुती उपकरणं बदलणं मात्र त्यातून वगळलेलं. मग पंख्यातला एक भाग बदलणं कशात धरायचं? काकांनी सोपं केलं : "पंखा तुझा. भिंतीतली वायर परवानावाल्याची."

मी निर्धास्त झालो. बटण बंद केलं, लाकडी स्टुलावर चढलो, पंख्याचा वरचा कप खाली सरकवला. काकांनी टेस्टर टेकवायला सांगितला, तर आतला दिवा पेटला! काही सुचेना. बटण तर बंद होतं.

बटण फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेलं निघालं. अशा जोडणीत बटण बंद केल्यावर पंखा थांबतो, पण फेज त्याच्या टोकांपर्यंत आलेलीच असते. "पण ईएलसीबी आहे ना?" मी विचारलं. काका म्हणाले, "३० मिलिअँपिअर जमिनीकडे गळले की तो पडतो. स्टुलावर उभं राहून दोन्ही तारा धरल्यास तर गळती होणारच नाही. त्याला तू आणि दिवा सारखेच."

मग मेन बंद केला. टेस्टर आधी चालू प्लगवर तपासला होता. तो पुन्हा लावला, पेटला नाही. जुन्या कंडेन्सरच्या टोकांना काकांनी बोट लावू दिलं नाही. वीज गेल्यावरही त्यात भार उरू शकतो. मायक्रोवेव्हच्या कंडेन्सरवर तर दोन हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो. मायक्रोवेव्ह घरी उघडायचाच नाही, हे त्यांनी बजावलं.

पंखा पूर्वीसारखा फिरू लागला. बोर्डातली उलटी जोडणी मात्र परवानाधारकाकडून दुरुस्त करून घेतली. नियमाने मला पंख्याला हात लावू दिला, पण माझ्या घरातली बटणं कुठल्या तारेवर आहेत, हे नियमाला ठाऊक नसतं. ते दर वेळी, दर बोर्डावर, आपणच तपासायचं. तपासता येत नसेल, तर कितीही किरकोळ काम असो, वायरमनला बोलवावं.