तोंड कोणत्या बाजूला?

नवी हायड्रिला लावली की थोड्याच दिवसांत फिशटँकच्या काचेवर तपकिरी ठिपके सरकू लागतात. दुकानात विचारावं तर उत्तर ठरलेलं: ‘पाँड स्नेल आहेत, औषध टाका.’ पण माझ्या टाकीत कोळंबी आहे, आणि गोगलगायींच्या औषधांत बहुधा तांबं असतं. त्यानं आधी कोळंबीच जायची. म्हणून मी भिंग घेऊन बसलो.

पहिली खूण अगदी सोपी आहे. शंखाचं टोक वर, तोंड आपल्याकडे, असा तो धरायचा. तोंड उजवीकडे आलं तर लिम्निया, म्हणजे खरी पाँड स्नेल. डावीकडे आलं तर फायसा, हौशी लोकांची ब्लॅडर स्नेल. माझ्याकडच्या झाडून सगळ्या डावऱ्या निघाल्या. आईनं ते ऐकलं आणि म्हणाली, “अरे, मग तुझ्याकडे दक्षिणावर्ती शंखांची खाणच की!” तिला वाटलं त्यापेक्षा तिची थट्टा खरी होती. पूजेतला तो दुर्मीळ शंख टोक वर करून पाहिला तर त्याचंही तोंड डावीकडेच येतं. आपण त्याची निमुळती नळी वर धरतो, म्हणून तो उजवा दिसतो. समुद्रात क्वचित सापडणारा हा डावरेपणा फायसाच्या मात्र अख्ख्या खानदानात आहे.

पिल्लं मोहरीएवढी असली की तोंड कळत नाही. तेव्हा शिंगं बघायची. फायसाची दोऱ्यासारखी बारीक असतात, लिम्नियाची रुंद आणि तिकोनी.

रॅम्सहॉर्न ओळखायला भिंग लागत नाही, शंख चकलीसारखा सपाट वळलेला असतो. लाल रॅम्सहॉर्न म्हणून जी विकतात, तिची लाली तिच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनची. अंगात काळा रंग नसल्यानं ती बाहेर दिसते. लांबट, स्क्रूसारखी ट्रम्पेट स्नेल दिवसा वाळूत गाडलेली असते. ती अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, आणि बहुतेक वेळा त्यासाठी तिला नराचीही गरज नसते. रात्री टॉर्च मारल्याशिवाय टाकीत त्या किती आहेत याचा पत्ता लागत नाही. मला ती आवडते. वाळू फुकटात उकरून मिळते.

एका पानाखाली मात्र वेगळंच काही चिकटलेलं होतं: वेटोळं नाही, नुसती काही मिलिमीटरची पारदर्शक टोपी. ही गोड्या पाण्यातली लिंपेट, फेरिसियाच्या गोतातली. तिच्याविषयी वाचताना थेट रत्नागिरी जिल्ह्यात पोचलो. गुहागर तालुक्यातल्या गिमवी गावात माणसांना मूत्रमार्गाचा शिस्टोसोमियासिस होत असल्याचं 1952 साली गाडगीळ आणि शाह यांनी नोंदवलं. तो रोग देणाऱ्या कृमीला आश्रय देणारी म्हणून पुढे याच गोतातल्या फेरिसिया टेन्युइसचं नाव आलं. इतकी वर्षं मी ज्यांना पानावरचे डाग समजून पुसत असेन, त्यांचं हे नातं!

टाकीतल्या लिंपेटची भीती नाही. रोगी माणसाची लघवी पाण्यात गेल्याशिवाय त्या कृमीचं चक्र सुरूच होत नाही. म्हणून त्या राहिल्या, फायसाही राहिल्या. माशांचं खाणं तेवढं कमी केलं, कारण उरलेल्या दाण्यांवरच त्यांचं पीक येतं. औषधाची बाटली कपाटात सीलबंद आहे.