दोन विहिरी, एक चिमणी

सुरतेच्या पांडेसऱ्यात दोरीवरचे कपडे काढताना आधी झटकावे लागतात. नाही झटकले तर घडीत काजळीची बारीक रेघ उमटते. आईच्या हाताला ती सवय इतकी बसली आहे की गावी गेल्यावरही ती कपडे झटकूनच आत आणते.

आमची खोली औद्योगिक वसाहतीपासून, जीआयडीसीपासून, दोन गल्ल्या आत. आबा, म्हणजे माझे वडील, एका प्रोसेस मिलमध्ये कापड रंगवायच्या जेट मशीनवर होते. पाळी बारा तासांची. कापडावर रंग चढला की तुकडा कापून मास्टरकडे न्यायचा, शेड जुळली का बघायचं, नाही जुळली तर पुन्हा मशीनवर. आबांच्या नजरेला मास्टरही मान द्यायचे. ट्यूबलाइटखाली जुळलेली शेड उन्हात फसते, हे मी शाळेत जायच्या आधी आबांकडून शिकले. घरात अहिराणी, महापालिकेच्या शाळेत मराठी, बाजारात गुजराती आणि मिलच्या गेटवर हिंदी, असं आमचं चालायचं. गल्लीतली निम्मी घरं आमच्यासारखीच शिंदखेडा, अमळनेर, नंदुरबारकडची.

रसायनशास्त्रात बी.एस्सी. झाल्यावर मिलच्या लॅबमध्ये लागायचं हे घरात ठरल्यासारखंच होतं. तेवढ्यात जळगावच्या मावसभावाने सांगितलं, तिथल्या विद्यापीठात पर्यावरण व भूविज्ञान प्रशाळा आहे, एम.एस्सी. करता येईल. आबांनी एकच विचारलं, ‘‘दगडमातीचं शिकून पोट भरतं का?’’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण आमच्याकडच्या खाडीचं पाणी आज लाल तर उद्या जांभळं का, हे मला नुसत्या सूत्रांतून नको होतं. ते पाणी जातं कुठे, जमिनीत किती मुरतं, आमच्या बोअरिंगला लागतं का, हे कळून घ्यायचं होतं.

2015 च्या पावसाळ्यात उधन्याहून जळगावच्या पॅसेंजरमध्ये बसले. बारडोली, व्यारा, मग नवापूर. या स्टेशनातूनच दोन राज्यांची हद्द जाते. फलाटाचा एक भाग गुजरातमध्ये, एक महाराष्ट्रात. पुढे नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर. तापीची लाइन म्हणतात ती हीच. मुलताईला उगम पावलेली तापी 724 किलोमीटर वाहत सुरतेपलीकडे समुद्राला मिळते. भुसावळ, बऱ्हाणपूरकडे कोसळणारा पाऊस उकाई धरणात येतो आणि ते भरलं की सुरतेच्या दारात उभा राहतो. 2006 च्या ऑगस्टमध्ये शहर बुडालं ते असंच. पहिल्या सत्रात सरांनी फळ्यावर तापीचं खोरं काढलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आबांनी गाव सोडलं तरी नदीचं खोरं सोडलंच नव्हतं.

विद्यापीठ जळगावबाहेर, गिरणेचा बांभोरीचा पूल ओलांडून टेकडीवर. (2018 पासून त्याला बहिणाबाई चौधरींचं नाव आहे.) तिथले वर्गातले तास मला फारसे आठवत नाहीत, आठवतात त्या शिवारफेऱ्या. यावल-रावेरच्या बाजूला सातपुड्याच्या पायथ्याशी गोट्या-वाळूचा जाड पट्टा आहे, त्याला बझाडा म्हणतात. डोंगरातून उतरलेला ओढा या गोट्यांत येतो आणि डोळ्यांदेखत नाहीसा होतो. हे मुरलेलं पाणी म्हणजे केळीच्या बागांची ठेव. आज बोअर उपसतात जास्त, मुरतं कमी. म्हणून पाणी खोल खोल चाललं आहे. त्या ओढ्याच्या शेवटच्या ओलाव्यावर हात ठेवून आम्ही दहा-बाराजण गप्प बसलो होतो.

दुसरी फेरी धुळे-नंदुरबारकडची. हा सगळा मुलूख साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, म्हणजे काळ्या बेसॉल्टचा. त्याला भेगा पडल्या आणि त्या भेगांत पुन्हा लाव्हा भरून थिजला. अशा उभ्या भिंतींना डाइक म्हणतात आणि या भागात त्या कितीतरी आहेत, बऱ्याचशा पूर्व-पश्चिम गेलेल्या. कुठे त्या लांबट डोंगराच्या कण्यासारख्या वर दिसतात, कुठे जमिनीखाली दडलेल्या. सरांनी हातोडीने कपचा उडवला आणि म्हणाले, अशी घट्ट भिंत आडवी आली की जमिनीतलं पाणी तिच्या वरच्या अंगाला अडतं. एका शेताच्या विहिरीला पाणी, पलीकडचीला खडखडाट.

माझ्या अंगावर काटा आला. आमच्या गावी अगदी हेच. काकांच्या विहिरीला मे महिन्यात पाणी असतं आणि आबांची, मध्ये दोन शेतं सोडून असलेली, होळीलाच तळ दाखवते. ती दोनदा खोल केली, कर्ज झालं, शेवटी आबा सुरतेला आले. घरात कुणी ते नशीब म्हणायचं, कुणी भाऊबंदकी. सुट्टीत मी त्या दोन विहिरींच्या मधून चालत गेले. बांधाला लागून काळ्या दगडांची सरळ ओळ होती, जिला आम्ही लहानपणापासून जुनं कुंपण समजत होतो. मोजणी करून सिद्ध केलेलं नाही, पण मला शंका उरलेली नाही. आबांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘म्हणजे भावाने काही केलं नव्हतं.’’

पोट भरण्याचं म्हणाल, तर मी पांडेसऱ्यालाच परत आले. एका तपासणी प्रयोगशाळेत लागले. आमचं काम मिलच्या सांडपाण्याचे आणि चिमणीच्या धुराचे नमुने घेण्याचं. पहिल्यांदा चिमणीवर चढले तो दिवस विसरणं शक्य नाही. लोखंडी शिडी, कमरेला पट्टा, वर जेमतेम दोन माणसं मावतील असा प्लॅटफॉर्म आणि चिमणीच्या अंगाला असलेलं झाकणाचं भोक, पोर्टहोल. आत लांब नळी सरकवायची. तिच्यात काचतंतूंची पांढरीशुभ्र बोटभर नळकांडी असते, तिला थिंबल म्हणतात. धूर ज्या वेगाने वर चढतो त्याच वेगाने तो नळीत ओढायचा. वेग जुळला नाही की आकडा खोटा येतो. खाली आल्यावर थिंबल काढली तर आतून काळीकरडी झालेली. आधीचं वजन, नंतरचं वजन. मर्यादा घनमीटरला दीडशे मिलिग्रॅम. ती राख मी चिमटीत धरली आणि आईची दोरी आठवली. इतकी वर्षं जी आम्ही झटकत होतो तिला आता वजन होतं.

एकदा एका मिलचा माणूस म्हणाला, ‘‘मॅडम, दीडशेच्या आत लिहा, सगळे लिहितात.’’ मी नाही लिहिलं. ते काम हातचं गेलं, पण आमच्या लॅबप्रमुख पाठीशी उभ्या राहिल्या. या विद्येची खरी परीक्षा त्या कागदावरच्या रकान्यात होते, असं माझं ठाम मत आहे.

आकड्याला किंमत आली की काय होतं तेही सुरतेनेच दाखवलं. 2019 मध्ये इथे धुरातल्या कणांचा बाजार सुरू झाला, असा जगातला पहिलाच. चिमण्यांवर सतत मोजणारी यंत्रं बसली. प्रत्येक कारखान्याला कणांचे परवाने. कमी सोडणाऱ्याने उरलेले परवाने विकायचे, जास्त सोडणाऱ्याने विकत घ्यायचे, आणि नाही घेतले तर अनामत कापली जाते. अभ्यासकांना यात सहभागी कारखान्यांचं उत्सर्जन वीस ते तीस टक्क्यांनी कमी झालेलं आढळलं. पाण्याचंही एक चांगलं काम आमच्या शेजारी बमरोलीला झालं. 2014 पासून महापालिका शहराचं सांडपाणी तिथे शुद्ध करते आणि दिवसाला चार कोटी लिटर पाणी पांडेसऱ्याच्या कारखान्यांना देऊ शकते. पण त्याच पट्ट्यात, सचिनला, जानेवारी 2022 मध्ये पहाटे टँकरने चोरून केमिकल सोडलं आणि झोपेत असलेले सहा कामगार विषारी वायूने गेले. त्या दिवसापासून मी सॅम्पलिंगला कधी अर्ध्या मनाने गेले नाही.

गल्लीतल्या मुली विचारायला येतात, तेव्हा मी फिरवून सांगत नाही. लॅब, मिलचा सांडपाणी शुद्ध करणारा ईटीपी, पर्यावरण परिणाम अहवाल करणाऱ्या संस्था, उपग्रह नकाशांचं काम, नेट देऊन प्राध्यापकी, हे सगळं पर्यावरणशास्त्रावर मिळतं. प्रदूषण मंडळाच्या जागा निघतात, पण कोणत्या पदाला कोणती पदवी हे जाहिरातीत नीट वाचा. भूजल सर्वेक्षणात किंवा यूपीएससीच्या भूवैज्ञानिक परीक्षेत जायचं असेल तर पदवीपासूनच भूशास्त्र घ्या. पर्यावरणाची पदवी तिथे चालत नाही. मला हे कुणी वेळेवर सांगितलं नव्हतं, आणि पाण्याच्या शोधाची ती वाट माझ्यासाठी बंद झाली, याची खंत आहेच.

आबा आता घरी असतात. गेल्या उन्हाळ्यात गावाहून येताना त्यांनी काकांच्या विहिरीचं पाणी आणलं. बाटली काठोकाठ भरून, बूच घट्ट लावून, वर गाव, तारीख आणि वेळ लिहिलेली चिठ्ठी. उधन्यापर्यंत मांडीवर धरून बसले होते. रविवारी मी त्यांना लॅबमध्ये नेलं. फ्लास्कमध्ये नमुना घेतला, सूचक घातला, पाणी वांगी-लाल झालं. ब्युरेटमधून थेंब थेंब ईडीटीए सोडत होते. कडकपणा मोजताना लाल जाऊन निळा कधी आला हे नेमकं पकडावं लागतं. एखाद-दुसरा थेंब जास्त गेला तरी आकडा चुकतो.

आबा फ्लास्ककडे वाकून बघत होते, जेट मशीनवरच्या तुकड्याकडे बघायचे तसे. माझी बोटं अजून कॉकवर होती.

‘‘थांब माय,’’ ते म्हणाले, ‘‘व्हयना निळा.’’

मी कॉक बंद केला आणि वहीत आकडा लिहिला.