नोव्हेंबरातला तांडा

वाशिम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यात एका बंजारा तांड्यावर मी शिक्षक आहे. दिवाळी सरली की आमच्या शाळेचा पट ओसरू लागतो. मुकादमाने ऊसतोडीची उचल पावसाळ्यातच दिलेली असते आणि ती बियाण्याला, दवाखान्याला, पोरीच्या लग्नाला केव्हाच खर्ची पडलेली असते. मग ट्रक येतो. भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि वर बसलेले माझे विद्यार्थी. नवरा-बायको मिळून एक कोयता. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत फडाजवळची कोपी हेच त्यांचं घर. हंगामी वसतिगृह सुरू झालं तर काही लेकरं आजीजवळ थांबतात. “गुरुजी, नाव कापू नका, आम्ही येतोच,” असं ट्रकमधून सांगणारी आई दरवर्षी एखादी तरी असतेच.

कारंज्याचा माझा एक मित्र टोरांटोत स्थायिक आहे. त्याच्याकडून कळलं, की ओन्टारिओ प्रांताने 2016 साली कायदा करून नोव्हेंबर हा ‘हिंदू वारसा महिना’ ठरवला. बाहेरून आलेल्यांनी आपला प्रांत घडवायला हातभार लावला, हे तिथल्या विधिमंडळाने कायद्यात लिहून ठेवलं. मला फार बरं वाटलं, आणि आतून तुटलंही. कारण तोच नोव्हेंबर आमचा तांडा रिकामा करतो.

परदेशी गेलेल्यांसाठी आपल्याकडे 2003 पासून 9 जानेवारीला प्रवासी भारतीय दिवस होतो. तो व्हावाच. पण त्या दिवशी आमची माणसं फडात वाकलेली असतात. 1979 साली स्थलांतरित कामगारांचा कायदा झाला, तोही राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांसाठीच होता. मानोऱ्याहून कोल्हापूरला जाणारा सीमा ओलांडतच नाही!

बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून बंजाऱ्यांनी देशाला पोसलं. पोहरादेवीला 5 ऑक्टोबर 2024 रोजी बंजारा विरासत संग्रहालय खुलं झालं, पूर्वजांचा मान झाला. त्यांची नातवंडं आजही वाटेवरच आहेत, आणि राज्याची साखर त्यांच्या हातून जाते.

आपल्या राज्याच्या विधिमंडळाने नोव्हेंबर हा स्थलांतरित कष्टकऱ्यांचा महिना म्हणून कायद्याने जाहीर करावा, असं मला मनापासून वाटतं. हारतुरे नकोत. त्या महिन्यात प्रत्येक ग्रामसभेत एका वहीत नोंद व्हावी: कोण जातंय, कुठे, कोणत्या मुकादमाबरोबर, उचल किती, लेकरू कोणत्या शाळेत बसणार. कायदा होईल तेव्हा होईल. वाशिमच्या वाचकांनो, ही वही यंदाच्या ग्रामसभेतच मागा.