जमाखर्चाबाहेरची वही

कार्तिक शुद्ध पंचमी व्यापारी जैन घरांत दोन नावांनी ओळखली जाते. पेढीवर ती लाभपंचमी. दिवाळीत पूजलेल्या नव्या चोपडीत त्या दिवसापासून व्यवहार लिहायला घेण्याची अनेक घराण्यांची रीत आहे. उपाश्रयात तीच ज्ञानपंचमी. ग्रंथ बाहेर काढून, धूळ झाडून, पाटावर मांडून त्यांना वंदन केले जाते. (दिगंबर समाजात हा मान ज्येष्ठातल्या श्रुतपंचमीचा.) एक वही नफ्यातोट्याची, दुसरी श्रुतज्ञानाची. या दोहोंखेरीज आणखी एक वही असते. तिच्यात ना हिशेब असतो, ना उपदेश. तिला घरात जागा द्यायची की नाही, हा प्रश्न घरातले एखादे मूल कला महाविद्यालयाचा अर्ज घेऊन वडिलांपुढे उभे राहते तेव्हाच सहसा निघतो.

चित्रांच्या पुस्तकावर पैसा खर्च करणे व्यापाऱ्याला परके नव्हते. पंधराव्या शतकात गुजरात-राजस्थानातील श्रेष्ठींनी कल्पसूत्राच्या सचित्र पोथ्या लिहवून घेतल्या, कित्येकींत सोने वापरले, आणि अखेरच्या प्रशस्तीत दात्याच्या कुटुंबाची नावे नोंदवली गेली. मात्र तेथे पुण्याची जमा स्पष्ट होती. आजचे कलावंत जी पुस्तके करतात, त्यांत अशी कोणतीच जमा आगाऊ दाखवता येत नाही.

‘आर्टिस्ट्स बुक’ या नावाने हा प्रकार जगभर ओळखला जातो. चित्रकाराच्या चित्रांचा छापील संग्रह म्हणजे आर्टिस्ट्स बुक नव्हे. तेथे पुस्तक हीच कलाकृती असते. कागद, घडी, क्रम, बांधणी, सारे तिचेच अंग. अमेरिकेतील एड रुशे या चित्रकाराने 1963 मध्ये सव्वीस पेट्रोल पंपांची साधीसुधी छायाचित्रे छापून एक लहानसे पुस्तक काढले. प्रती 400, प्रत्येकीवर क्रमांक. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ते नाकारले, तेव्हा रुशेने त्या नकाराचीच जाहिरात केली. पुढे त्याला क्रमांक घातल्याचा पस्तावा झाला. दुर्मीळ वस्तू करणे हा त्याचा हेतू नव्हता. म्हणून नंतरच्या आवृत्त्यांत क्रमांक गेले आणि 1969 मध्ये 3000 प्रती निघाल्या. बाजार मात्र आपल्या रीतीने चालतो. आज संग्राहक मोठी किंमत मोजतात ती त्या पहिल्या, क्रमांकाच्या प्रतींनाच.

भारतात या वाटेवर आज सर्वांत पुढे आहेत त्या दिल्लीच्या छायाचित्रकार दयानिता सिंह. त्यांच्या ‘म्युझियम भवन’ची 2017 मध्ये पेटी निघाली. तीत नऊ घडीपुस्तिका आहेत. त्या उलगडून टेबलावर उभ्या केल्या की घरातच प्रदर्शन मांडले जाते, आणि मांडणारा असतो तो विकत घेणारा गृहस्थ. त्यांचे ‘फाइल रूम’ हे 2013 चे पुस्तक तर कोणत्याही पेढीवाल्याने एकदा हाती घ्यावे. लोखंडी मांडण्या, कापडात बांधलेले दप्तराचे गठ्ठे, आढ्यापर्यंत चढलेल्या फायली. माणसे फार थोडी.

तथापि ज्यांचे चरित्र व्यापारी घरांना अधिक जवळचे वाटावे, ते यांच्याआधीच्या पिढीतले भूपेन खख्खर. मुंबईत 1934 साली एका मध्यमवर्गीय गुजराती कुटुंबात जन्म, लहानपणीच पितृछत्र हरपलेले, मग वाणिज्य शाखेची पदवी आणि चार्टर्ड अकाउंटंटची परीक्षा. घराची सारी भिस्त अशा मुलावर असते. तो मुलगा 1962 मध्ये मित्र गुलाममोहम्मद शेख यांच्या आग्रहावरून बडोद्यास कला शिकायला गेला. घरच्यांना काय वाटले असेल, हे सांगायला नको.

पण खख्खरांनी हिशेबाचे काम टाकले नाही. पुढील अनेक वर्षे ते बडोद्यात अर्धवेळ हिशेबनीस राहिले. उरलेल्या वेळात चित्रे, आणि 1969 पासून शेख यांच्यासह संपादित केलेले ‘वृश्चिक’ हे छोटेसे नियतकालिक. नाव विंचवाचे आणि नांगीही तशीच. सरकारी ललित कला अकादमीच्या कारभारावर त्याने उघड टीका केली. अंकांतून चित्रकारांचे लिनोकट छापे येत, कविता येत, कलाविषयक दीर्घ निबंध येत. मराठी वाचकाला अगत्य वाटावे असे एक कारणही आहे: नामदेव, जनाबाई, मुक्ताबाई यांच्या रचनांचे अरुण कोलटकरांनी केलेले इंग्रजी अनुवाद 1970 मध्ये याच ‘वृश्चिक’ने छापले. एका दालनाच्या भाड्यात बसणार नाही इतके सारे त्या थोड्या पानांत बसले.

खख्खरांनी 1972 मध्ये मुंबईच्या गॅलरी केमोल्डमधील प्रदर्शनासाठी जी पुस्तिका काढली, तीही अशीच वेगळी. प्रदर्शनाच्या पुस्तिकेत चित्रकाराची गंभीर मुद्रा आणि थोर विचार असण्याची प्रथा. यांनी स्वतःला कधी जेम्स बाँड, कधी मिस्टर युनिव्हर्स करून छायाचित्रे काढून घेतली आणि आत्मप्रौढीचीच थट्टा केली. त्या सुमारास ते रंगवत होते घड्याळ दुरुस्त करणारे, शिंपी, न्हावी. ज्यांच्या दुकानाच्या पाट्या बाजारपेठेतला माणूस रोज वाचतो आणि कधीच पाहत नाही.

या चरित्रातून घरातील वडीलधारी मंडळी एक अर्थ चटकन काढतील: आधी पदवी, मग छंद. तो अर्थ अर्धाच. हिशेबाच्या कामाने खख्खरांना पैसा दिला हे खरे, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या पैशामुळे आपले चित्र वा अंक कुणाला आवडलाच पाहिजे ही गरज उरली नाही. खपाची पर्वा करावी लागली असती, तर अकादमीशी भांडण परवडले नसते आणि स्वतःची थट्टाही नाही. दुसरी बाजूही मांडली पाहिजे. चित्रकला हा त्यांचा रविवारचा विरंगुळा नव्हता; नोकरी चित्रांच्या सोयीने बेतलेली होती, चित्रे नोकरीच्या सोयीने नव्हेत. घरच्यांनी ठरवलेला क्रम त्यांनी पाळला, पण त्यातले प्रधान-गौण मात्र स्वतः ठरवले.

‘वृश्चिक’ 1973 मध्ये थांबले. जेमतेम चार वर्षे. खख्खरांना 1984 मध्ये पद्मश्री मिळाली, 2003 मध्ये त्यांचे निधन झाले आणि 2016 मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले. ‘वृश्चिक’चे ते पातळ अंक आता अभ्यासक शोधून शोधून वाचतात.