ओलीची वाट

जुलैत मी बुरशी लागलेल्या गाडीचं काम घेत नाही. गिऱ्हाइकं नाराज होतात, पण बोरीवलीच्या जुलैत हवेतच इतकी ओल असते की आज पुसलेलं रेक्झिन परवा पुन्हा पांढरं दिसतं. तेव्हा एवढंच सांगतो, सीट काढता आल्या तर काढा आणि घरात पंख्याखाली ठेवा. बाकीचं ऑक्टोबरच्या उन्हात बघू.

गेल्या ऑक्टोबरात अशीच एक पद्मिनी आली. नॅशनल पार्कच्या बाजूच्या एका सोसायटीत दोन पावसाळे गुलमोहराखाली उभी होती, वर प्लास्टिकची ताडपत्री. गाडीच्या मालक काकांनी ती मायेनं घातलेली, आणि घात तिनंच केला होता. जमिनीची वाफ वर येते, ताडपत्रीखाली कोंडते, रात्री गार पत्र्यावर पाणी होऊन बसते. ही गाडी कुर्ल्याच्या कारखान्यातली. १९६४ पासून तिथं फियाट ११०० डिलाइट बनू लागली, तीच पुढे पद्मिनी झाली. पद्मिनीच्या शेवटच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. दिवसभर दारांची उघडझाप होणाऱ्या टॅक्सीत बुरशी धरायला सवडच नव्हती. उरलेल्या पद्मिनी आता घरच्या आहेत, आणि बहुतेक वेळ उभ्या असतात.

दार उघडलं की मी आधी नुसता बघतो. बुरा सगळीकडे सारखा येत नाही. स्टीअरिंगवर दोन जागी दाट होता, जिथं काकांचे हात वर्षानुवर्षं टेकले तिथंच. घाम आणि तेलकटपणा हेच त्याचं अन्न. मागच्या सीटच्या शिवणीत, जिथं बिस्किटांचा चुरा गेला असणार, तिथं हिरवट ठिपके. माणसं कुठं बसली, कुठं टेकली, याचा नकाशाच तो. पुसायला घेण्याआधी हे बघून घेणं मला गरजेचं वाटतं. कुठं नुसता वरवर हात फिरवायचा आणि कुठं शिवण उसवायची, ते तिथंच ठरतं.

मग सीट बाहेर, उन्हात. तोंडाला मास्क हवाच. कोरड्या ब्रशनं गाडीच्या आत झाडलंत तर बुरशीची बीजं टपाच्या कापडात जाऊन बसतात. रेक्झिनला निम्मं पाणी, निम्मं पांढरं व्हिनेगर लावायचं, तासभर थांबायचं, ओल्या फडक्यानं पुसायचं, पुन्हा ऊन. ब्लीच मी वापरत नाही, त्यानं शिवणीचा दोरा कुजतो आणि पत्र्याला गंज चढतो. व्हिनेगरवर ब्लीच तर चुकूनही ओतू नये, त्यातून विषारी वायू निघतो. या सीटमधला काथ्या मात्र आतपर्यंत काळा पडला होता. तो वाचवायचा नसतो, बदलायचा असतो. काकांना वाईट वाटलं, मलाही. टपाच्या कापडावरचे काळे डाग फिके झाले, गेले नाहीत.

इथं थांबलो असतो तर पुढच्या पावसाळ्यात गाडी परत आली असती. लोणच्याच्या बरणीला बुरा आला की आई आधी विचारायची, ओला चमचा कुणी घातला? गाडीतही तोच चमचा शोधायचा असतो. डाव्या बाजूचं मॅट उचललं तर खालचा तागाचा नमदा पिळण्याइतका ओला. हाताखालच्या पोराला बाहेरून पाण्याचा पाइप धरायला सांगितला, मी टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली आडवा झालो. वीसेक मिनिटं काही नाही. मग पुढच्या काचेच्या रबराच्या कोपऱ्यातून एक थेंब सरकला, वायरीवरून खाली उतरला. त्या कोपऱ्यात गुलमोहराची बारीक पानं कुजून माती झाली होती, तिनं रबर उचललं होतं. रबर बदललं. दारांच्या तळाची पाणी निघायची भोकंही त्याच मातीनं बुजली होती, ती तारेनं मोकळी केली.

शेवटी मॅटखाली वर्तमानपत्र पसरून पुन्हा तासभर पाणी मारलं आणि गाडी रात्रभर तशीच ठेवली. पहिल्या सकाळी कागद कोपऱ्याला मऊ लागला. रबर पुन्हा काढून बसवलं. दुसऱ्या सकाळी काका स्वतः आले, वाकून मॅट उचललं, कागद हातात घेतला. तो कुरकुरला.