स्कापा फ्लोच्या तळाशी : लेखांक दुसरा

सोमवार, स्ट्रॉमनेस

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मन आरमाराची ७४ जहाजे स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांमधील स्कापा फ्लो या विस्तीर्ण नैसर्गिक बंदरात नजरकैदेत होती. तह फिसकटला तर ती शत्रूच्या ताब्यात जातील, या आशंकेने ॲडमिरल लुडविग फॉन रॉयटर यांनी २१ जून १९१९ रोजी ती बुडविण्याचा हुकूम दिला, आणि खलाशांनी तळाच्या झडपा उघडून त्यांपैकी ५२ जहाजांना जलसमाधी दिली. पुढे बहुतेकांचे पोलाद भंगारात गेले. आज तळाशी सात मोठी जहाजे तेवढी शिल्लक आहेत. उद्या त्यांतील ‘केल्न’ या क्रूझरवर उतरावयाचे आहे.

मंगळवार, ‘केल्न’वर

पाणी दहा अंशांच्या आसपास असल्याने अंगावर लोकरी वस्त्रे आणि त्यांवर पाणी आत न शिरू देणारा ड्रायसूट चढविला. दोर धरून खाली जाताना दाब वाढला, की सूट अंगाला आवळतो. त्यात थोडी हवा सोडली, म्हणजे श्वासाला आणि चित्ताला स्थैर्य येते. हिरवट अंधुक प्रकाशात प्रथम, उजव्या कुशीवर कलंडलेल्या त्या १५५ मीटर लांबीच्या नौकेची वरची बाजू दिसली, आणि विजेरीचा झोत पडताच जे करडे भासत होते ते पोलाद शुभ्र आणि नारिंगी समुद्रफुलांनी डवरून आले. भोवतीचा तळ गाळाचा. अशा ठिकाणी घट्ट आधार मिळणे आणि प्रवाहाने सूक्ष्म जीवांचे अन्न अखंड आणून देणे, हे दोन्ही जुळून आल्यामुळेच मृदू प्रवाळ, काटेरी अर्चिन आणि लवचिक बाहूंचे ब्रिटल स्टार येथे इतक्या दाटीने नांदतात. चिलखती नियंत्रण-बुरुजापर्यंत जाऊन आलो. तीस मीटरांवर दाब पृष्ठभागाच्या चौपट असल्याने हवाही तितक्याच वेगाने सरते. म्हणून वेळेच्या आत परतलो आणि रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडावा यासाठी वाटेत दोरावर थांबलो.

बुधवार, नौकेवर

वाऱ्यामुळे पाण्यात उतरणे तहकूब झाले. तसेही येथील प्रत्येक जहाजावर उतरता येत नाही. ‘रॉयल ओक’ ही ब्रिटिश युद्धनौका याच बंदरात १४ ऑक्टोबर १९३९ रोजी जर्मन पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली. आठशेहून अधिक नाविकांचे ते समाधिस्थान असल्याने तेथे उतरण्यास मज्जाव आहे. जर्मन जहाजांवर उतरता येते, परंतु २००१ पासून त्यांना संरक्षित स्मारकांचा दर्जा असल्याने त्यांवरील वस्तू हलविणे निषिद्ध आहे. हा निर्बंध मला मनापासून मान्य आहे. कारण इतिहासाच्या रक्षणासाठी केलेल्या या कायद्याने त्या पोलादावर वसलेल्या जीवसृष्टीचेही रक्षण साधले आहे. पोलाद मात्र गंजत चालले आहे, पत्रे निखळत आहेत. म्हणून छायाचित्रे आणि मापे यांचा जो दाखला पाणबुड्यांना आज ठेवता येईल, तो ठेवणे हेच तेथे उतरणाऱ्याचे कर्तव्य होय. वारा पडल्यास उद्या ४५ मीटर खोल पालथ्या पडलेल्या ‘मार्कग्राफ’ या युद्धनौकेकडे निघावयाचे आहे.

(क्रमशः)